मास्तर आपल्यातला हवा, तर शिष्यवृत्ती वेळेवर हवी



मागच्या महिन्यात एका पाड्यावर बैठक होती. विषय नेहमीचेच. फेरतपासणीला पडलेले दावे, मोजणीत कमी भरलेले प्लॉट, फॉरेस्टवाल्यांनी उपटलेली रोपं. बैठक उठायला आली तसा मागे बसलेला एक बाप उभा राहिला. म्हणाला, "माझी पोर डी.एड.ला आहे. एक वर्ष झालं, शिष्यवृत्तीचा एक रुपया आला नाही. आवणीला घरी आली ती आता परत जात नाही म्हणते. संघटनेनं काय ते सांगावं."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "दादा, हा शाळा-कॉलेजचा प्रश्न आहे. आपली संघटना जमिनीची. तू प्रकल्प ऑफिसात जाऊन ये."

या कार्यकर्त्यानं जमिनीसाठी जेल भोगली आहे. त्याच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्या दिवशी तो चुकला असं आम्हाला वाटतं. का चुकला ते या अंकात सगळ्यांसमोर मांडतो. हे पत्रक नेहमीप्रमाणे पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवावं आणि त्यावर बोलणं व्हावं.

आधी त्या घरचा हिशेब

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी बसून हिशेब मांडला. पोर आश्रमशाळेतून बारावी झाली, मार्क चांगले पडले. डी.एड.ला, म्हणजे आता कागदावर ज्याला डी.एल.एड. म्हणतात त्याला, जिल्ह्याच्या गावी नंबर लागला. सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही. चार पोरींनी मिळून एक खोली घेतली. खोलीचं भाडं, डब्याचे पैसे, एस.टी.चा पास, परीक्षा फी, शिवाय सरावपाठासाठी लागणारे चार्ट, पुठ्ठे, रंग. कॉलेजच्या क्लार्कनं सांगितलं, "फी आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या."

बापाकडे वनहक्काचा दीड एकर प्लॉट आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे ही जमीन पोराबाळांकडे जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. हे चांगलंच आहे. नाहीतर पट्टे मिळाल्याच्या दुसऱ्या वर्षी अर्धे प्लॉट सावकाराच्या घरात गेले असते. पण त्यामुळे या बापाला जमिनीवर कोणी पैसे देईना. मग तो भट्टीवाल्याकडे गेला. भट्टीवाला जमीन बघत नाही, हात मोजतो. त्यानं पंचवीस हजार बयाणा दिला आणि दिवाळीनंतर घरातली तीन माणसं लिहून घेतली. बाप, आई आणि आठवीत शिकणारा पोरगा.

म्हणजे जमीन गहाण टाकता आली नाही, म्हणून माणसं गहाण पडली. ताईला मास्तरीण करायचं म्हणून भावाची शाळा सुटली. शाळेच्या हजेरीत त्याचं नाव अजून आहे, पण गेल्या उन्हाळ्यात तो भट्टीवर विटा थापत होता. पोर परत जात नाही म्हणते ती अभ्यासाला घाबरून नाही. ती म्हणाली, "मी दुसऱ्याच्या पोरांना शिकवायला शिकते आणि माझा भाऊ विटा वाहतो. हे मला जमणार नाही."

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. त्या कायद्यासाठी आणि तो अमलात यावा म्हणून आपल्या भागातल्या लोकांनी किती मार खाल्ला ते म्हाताऱ्यांना विचारा. सरकारचेच पैसे उशिरा येतात म्हणून तीच वेठ मागच्या दारानं घरात येत असेल, तर तो संघटनेचा प्रश्न नाही तर कोणाचा?

पैसे आहेत, पण वेळेवर नाहीत

आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं की शिष्यवृत्ती म्हणजे सरकारनं खूश होऊन दिलेलं बक्षीस. तसं नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४४ साली दलित विद्यार्थ्यांसाठी दहावीनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८-४९ पासून ती आदिवासी विद्यार्थ्यांना लागू झाली. आपले आजे शाळेची पायरी चढले नव्हते तेव्हापासून हा हक्क कागदावर आहे.

आज आपल्या मुलांसाठी मुख्य तीन सोयी आहेत. त्या नीट समजून घ्या.

पहिली, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत असेल तर फी आणि महिन्याचा निर्वाह भत्ता मिळतो. अर्ज महाडीबीटीवर करायचा. भत्त्याचे दर २०१० साली ठरले. सर्वात खालच्या गटात घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्याला महिना २३० रुपये, सर्वात वरच्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला महिना १२०० रुपये. २३० रुपये म्हणजे दिवसाला आठ रुपयेसुद्धा नाहीत. त्यात चहा येतो का ते तुम्हीच सांगा.

दुसरी सोय, आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह. राहणं-जेवण तिथं. पण जागा कमी, मागणारे जास्त.

तिसरी, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ साली सुरू झालेली स्वयं योजना. जेवण, राहणं आणि निर्वाह असे तिन्ही मिळून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये, विभागाच्या ठिकाणी ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० असे दर ठरले. पुढे तालुक्याच्या गावांनाही ही योजना लागू झाली.

म्हणजे सोय नाही असं कोणी म्हणू शकत नाही. अडचण वेळेची आहे. खोलीवाला जूनमध्ये भाडं मागतो. खानावळवाली महिन्याच्या महिन्याला पैसे मागते. शिष्यवृत्ती मात्र कधी मार्चमध्ये येते, कधी पुढच्या वर्षी, कधी कोर्स संपल्यावर. भूक काही तोवर थांबत नाही. ज्याच्या घरी पगार आहे तो मधले महिने काढतो. आपल्याकडे मधले महिने भट्टीवाला काढतो, आणि त्याची किंमत वसूल करतो.

या पोरीचा फॉर्म दोनदा परत आला. एकदा उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा म्हणून, दुसऱ्यांदा बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून. दोन्ही वेळा मेसेज बापाच्या फोनवर गेला. बाप भट्टीवर, फोन बंद. तिला कळेपर्यंत महिना उलटला. साहेब म्हणतो, चूक तुमची. आम्ही विचारतो, त्या बापाला भट्टीवर कोणी पाठवलं?

कागद आजोबाचा, हाल नातीचे

डी.एड., बी.एड.ला जातीच्या दाखल्यासोबत पडताळणीचा दाखलाही लागतो. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून आपण इथले आणि या जमातीचे, असा पुरावा मागतात. कोणता पुरावा? आजोबाचा शाळेचा दाखला, सातबारा, जन्ममृत्यूची नोंद.

आता बघा. १९५० च्या आधी आपल्या पाड्यावर शाळाच नव्हती, तर शाळेचा दाखला कुठून येणार? जमीन आपण कसत होतो, पण ती फॉरेस्टच्या नावावर किंवा सावकाराच्या नावावर, तर सातबारा कुठून येणार? ज्या आजोबाचं नाव सातबाऱ्यावर येऊ दिलं नाही, त्याच आजोबाचा पुरावा आता नातीकडे मागतात. जमिनीचा प्रश्न आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न वेगळा, असं म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबून विचार करावा. दोन्हीकडे आपल्याला अडवणारा कागद एकच आहे.

पडताळणीच नको, असं आम्ही म्हणत नाही. बोगस दाखले काढून आपल्या जागा आणि आपल्या नोकऱ्या दुसऱ्यांनी घेतल्या, हे आपण पाहिलं आहे. म्हणून तर २००० सालचा पडताळणीचा कायदा आला. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी किंवा प्रवेश ठेवता येणार नाही. हे आपल्याच लढ्याचं म्हणणं होतं. पण बोगसांना पकडायला लावलेल्या जाळ्यात खऱ्या आदिवासीची पोर वर्षभर अडकून पडावी, हे बरोबर नाही. पाड्यावर चार पिढ्या राहणाऱ्या घरची चौकशी करायला समितीला वर्ष का लागावं?

वनहक्काच्या नियमांत, नियम १३ मध्ये, म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं सांगणं पुरावा म्हणून धरलेलं आहे. आपण दाव्यांसाठी जमवलेले कागद आठवा. फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या, एकसालीचे कागद, जुन्या चौकशीचे जबाब. त्यांत आजोबाचं नाव असतं, गाव असतं, कधी जातही लिहिलेली असते. दाव्याची फाइल मंजूर झाली म्हणून ती कोनाड्यात टाकू नका, उंदराला देऊ नका. नातीच्या पडताळणीला त्याच पावत्या उपयोगी पडू शकतात. एकेक प्रत काढून ग्रामसभेच्या पेटीत ठेवा.

मास्तर आपल्यातलाच का?

काही जण विचारतात, मास्तर कोणताही असो, शिकवलं म्हणजे झालं. चांगला मास्तर बाहेरचाही असतो, हे आम्ही नाकारत नाही. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम केलं. १९४५ साली बोर्डीला सुरुवात केली, १९५७ साली कोसबाडला आल्या. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी पोरांना शिव्या दिल्या नाहीत. शाळाच अंगणात नेली, गुरं चरायच्या कुरणावर नेली. बाहेरून आलेला माणूसही असं काम करू शकतो.

पण अशी माणसं किती? आपल्या पाड्यावर पहिलीत बसलेलं पोर घरच्या बोलीत उत्तर देतं. मास्तरला ते कळत नाही. पोरं हसतात. दुसऱ्या दिवशी ते पोर तोंड उघडत नाही, तिसऱ्या महिन्यात गुरांमागे जातं. मग रजिस्टरात लिहितात, "पालकांना शिक्षणाची आवड नाही." आपल्यातली बाई वर्गात असेल तर ती त्या पोराचं उत्तर ऐकते, मान हलवते आणि मग मराठी शब्द देते. एवढ्यानं ते पोर टिकतं.

हे आपण आज म्हणत नाही. १८८२ साली जोतिराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर कमिशनपुढे मागणी केली होती की प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घरातून तयार करा, ज्यांना लोकांत मिसळता येतं आणि नांगर हातात धरायची लाज वाटत नाही. त्याच्या आधी १८४८ साली सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला घेतलं. त्याही आधी शिकल्या, मास्तरीण होण्याचं शिक्षण घेतलं, आणि मग उभ्या राहिल्या.

घटनेच्या कलम ३५० क मध्ये लहान मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही तेच म्हणतो, शक्य तिथवर मातृभाषा. मग सोय कोण करणार? नर्मदाकाठच्या जीवनशाळांत गावातलेच शिकलेले तरुण उभे राहिले. गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. शिक्षण खात्यानं तिला अनधिकृत म्हणून नोटीस दिली आणि प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे आपण शाळा काढली तर ती अनधिकृत, आणि सरकारी शाळेत आपली बोली जाणणारा मास्तर नाही. या दोन्हीवर औषध एकच. ज्याच्याकडे डी.एड.चं पदविकापत्र आहे आणि तोंडात आपली बोली आहे, अशी आपली पोरं तयार होणं.

"डी.एड. करून नोकरी कुठे आहे?"

हा प्रश्न प्रत्येक पाड्यावर येतो आणि तो खोटा नाही. २ मे २०१२ ला राज्यात शिक्षकभरती बंद झाली. हजारो पोरं डी.एड. होऊन घरी बसली. कितीतरी कॉलेजं ओस पडली. २०१३ पासून टी.ई.टी. आली, २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आली. भरती झाली तरी आधी शिक्षणसेवक. २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला १६,००० मानधन मिळू लागलं, त्याआधी ६,००० वर राबवत होते.

पेसाच्या गावांत स्थानिक आदिवासींतूनच शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक भरावेत अशी अधिसूचना राज्यपालांनी ९ जून २०१४ ला काढली. आपल्याला वाटलं, आता झालं. पण २२ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं आंध्र प्रदेशचा २००० सालचा आदेश रद्द केला. त्या आदेशानं अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांच्या सगळ्या म्हणजे शंभर टक्के जागा स्थानिक आदिवासींसाठी ठेवल्या होत्या. त्यानंतर आपल्याकडचीही पेसा भरती कोर्टकज्ज्यात अडकली. २०२४ साली निवड झालेल्या आदिवासी पोरांना नेमणुकीसाठी रस्त्यावर बसावं लागलं.

म्हणून मार्ग सोडायचा का? जमिनीच्या बाबतीत आपण काय केलं ते आठवा. २००६ च्या कायद्याआधी कोण म्हणत होतं की पट्टा मिळेल? तरी आपण प्लॉट सोडला नाही, दंड भरला, पावती जपली. कायदा आला त्या दिवशी ज्याच्याकडे पावती होती त्याचा दावा उभा राहिला. मास्तरकीचंही तसंच आहे. "पात्र आदिवासी उमेदवार मिळाला नाही," हे वाक्य आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. ज्या दिवशी जागा निघेल त्या दिवशी पदविका, टी.ई.टी. आणि पडताळणी हातात असलेली आपली पोरं रांगेत असली पाहिजेत. नाहीतर जागा आपल्या नावाची आणि बसणारा दुसरा, हे पुन्हा होईल.

एक गोष्ट पोरांना नक्की सांगा. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आहे की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालणार नाही, डी.एड. म्हणजे डी.एल.एड.च लागेल. पाड्याच्या शाळेत शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचा हाच कोर्स. आदिवासी मुलांना त्यासाठी बारावीला ४४.५ टक्के लागतात. कोणाच्या सांगण्यावरून पदवी आणि मग दोन वर्षं बी.एड., असे पाच वर्षांचे पैसे घालण्याआधी, कोणत्या वर्गाला शिकवायचं ते ठरवा. टी.ई.टी. एकदा पास झाली की ती आता आयुष्यभर चालते.

आमच्या मागण्या

९ ऑगस्टला साहेब लोक आपल्यासोबत तारप्यावर नाचले, फोटो काढले. छान झालं. आता त्यांना आम्ही हे विचारतो :

१. शिक्षक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक आदिवासी मुला-मुलीला शिष्यवृत्तीचा आणि स्वयं योजनेचा पहिला हप्ता प्रवेशानंतर एका महिन्यात मिळाला पाहिजे. कागदात चूक असेल तर पैसे देऊन मग दुरुस्त करा.

२. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी मागून अडवणूक करणाऱ्या कॉलेजवर कारवाई करा.

३. निर्वाह भत्ता दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा. २०१० च्या दरात आजचा डबा येत नाही.

४. पडताळणी अकरावीतच, आश्रमशाळेत आणि तालुक्याच्या गावी शिबिर लावून करा. बारावीच्या निकालाआधी दाखला हातात द्या. वनहक्काच्या फायलीतले कागद आणि ग्रामसभेचा ठराव पुरावा म्हणून धरा.

५. बी.एड.ला दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत शिकवण्याचं काम करावं लागतं, डी.एड.लाही शाळेत पाठ घ्यावे लागतात. त्या काळाचं विद्यावेतन द्या, आणि आपल्या पाड्याजवळच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत ते करू द्या.

६. पेसा क्षेत्रातल्या शिक्षकांच्या जागा भरा. कोर्टात सरकारनं आपली बाजू नीट मांडावी. कंत्राटी नेमणुकीवर बोळवण करू नका.

आपण काय करायचं

मागण्या सरकारकडे. पण दावे जसे आपण स्वतः भरले, नकाशे स्वतः काढले, तसं इथेही आपल्याला उठावं लागेल.

प्रत्येक ग्रामसभेनं एक वही घालावी. पाड्यावरची दहावी, बारावी, डी.एड., बी.एड.ची पोरं कोण, कुठे आहेत, फॉर्म भरला का, कुठे अडकला. वनहक्क समितीत जशी माणसं निवडली तशी यासाठी दोन माणसं निवडा, त्यांत एक बाई हवीच. फॉर्म नंबर त्यांच्याकडे लिहून ठेवा आणि मेसेज येणारा फोन गावात राहणाऱ्या माणसाचा द्या.

उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मे मध्ये, भट्टीवरून आल्या आल्या काढा. बँकेत जाऊन विचारा की आधार कोणत्या खात्याला जोडलंय. सिमकार्डासोबत कोणी दुसरंच खातं काढून दिलेलं असतं आणि पैसे तिकडे जातात. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती आपोआप येत नाही, दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं. दाखला मुदतीत मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.

आणि सर्वात महत्त्वाचं. ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळालेत, तेंदू, बांबू, मोहाचे पैसे ज्यांच्या कोषात येतात, त्यांनी त्यातला थोडा भाग बाजूला ठेवावा. दान म्हणून नको, उसने म्हणून. पोराला जूनमध्ये द्यायचे, शिष्यवृत्ती आली की त्यानं कोषात परत करायचे. पैसे नसतील तर भात आहे, नागली आहे. जंगल आपलं झालं त्याचा उपयोग हा, की पोराच्या खोलीभाड्यासाठी भट्टीवाल्याच्या दारात जावं लागू नये.

झालेल्या मास्तरांना एक शब्द

आपल्यातलेही काही जण मास्तर झाले. त्यांतले काही आजही पावसात नदी ओलांडून शाळेत जातात, त्यांना आमचा जोहार. पण काही जणांनी तालुक्याला घर बांधलं, पोरं इंग्रजी शाळेत घातली आणि पाड्यावर फक्त सणाला येतात. ग्रामसभेला बोलावलं तर म्हणतात, "आम्ही सरकारी माणसं, आम्हाला यात पडता येत नाही." आम्ही मोर्च्याला या म्हणत नाही. रविवारी दोन तास बसून पोरांचे फॉर्म तर भरून द्या. तुमच्या शिष्यवृत्तीसाठीही कोणीतरी कधीतरी रस्त्यावर बसलं होतं.

शेवटी, त्या पोरीचं काय झालं

त्या घरी हिशेब मांडून झाल्यावर पुन्हा पाड्याची बैठक घेतली. रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं. पहिल्या बैठकीत "हा आपला प्रश्न नाही" म्हणणाऱ्या त्या कार्यकर्त्यानंच शेवटी दोन पायली भात लिहिलं. बाकीच्यांनी एकेक पायली, ज्यांना जमलं त्यांनी शंभर-पन्नास रुपये. पोर परत गेली आहे. दोन महिन्यांचं भाडं भरलं गेलं. पण भट्टीवाल्याचा बयाणा अजून डोक्यावर आहे, आणि तिचा फॉर्म अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. दिवाळीच्या आत पैसे आले तर बयाणा फेडता येईल आणि भाऊ नववीत बसेल. नाही आले तर दिवाळीनंतर ट्रक येईल आणि तो त्यात चढेल.

अशी घरं किती आहेत ते आम्हाला तुमच्याकडून कळायला हवं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं वरच्या मागण्यांचा ठराव करावा, अडकलेल्या पोरांची यादी त्याला जोडावी आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत संघटनेकडे पाठवावी. भात कापणीआधी या सगळ्या याद्या घेऊन आपण प्रकल्प ऑफिसावर जाऊ, आणि एकेका नावापुढे तारीख लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही.

जमीन आमच्या हक्काची, शाळाही आमच्या हक्काची!

जिंदाबाद! जोहार!